जीएम-क्रायस्लरचे सरकारी बेलआउट आणि युनियन: वादात उतरण्याआधी हिशेब लावून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: ‘बुडत्या मोटार कंपन्यांना सरकारने वाचवू नये, कारण त्या कामगार संघटनांच्या मागण्यांमुळेच बुडतात’ या ठरावावर वादविवाद स्पर्धेत बोलायचे आहे आणि उदाहरण 2008-09 च्या अमेरिकेचे घ्यायचे आहे. अडलेल्या गोष्टी तीन आहेत. कामगाराला तासाला 70 डॉलर मिळत होते हे खरे का? कर्ज देणाऱ्यांना डावलून युनियनला मालकी दिली का? आणि करदात्यांचे शेवटी किती पैसे गेले?

तिन्हींची उत्तरे पुढे येतील. पण आधी ठराव नीट वाचा, कारण त्यात दोन वेगळी विधाने ‘कारण’ या एका शब्दाने जोडली आहेत. कंपनी युनियनमुळे बुडाली असली तरी तिला वाचवणे शहाणपणाचे ठरू शकते. युनियनचा काडीचाही दोष नसला तरी तिला बुडू देणे बरोबर असू शकते. ठरावाच्या बाजूने बोलणारे ‘युनियनमुळे बुडाली’ हे सिद्ध करून ‘वाचवू नये’ हे फुकटात पदरात पाडून घेतात. विरोधात असाल तर हा जोड पहिल्याच मिनिटाला तोडा.

दुसरी गफलत ‘बेलआउट (सरकारी पैशाने वाचवणे) की दिवाळखोरी’ अशा मांडणीत आहे. प्रत्यक्षात दोन्ही झाले. क्रायस्लर 30 एप्रिल 2009 रोजी आणि जनरल मोटर्स (जीएम) 1 जून 2009 रोजी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. जुने शेअरधारक जवळजवळ पुसले गेले, जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना व्हाइट हाउसच्या सांगण्यावरून आधीच, मार्चअखेरीस, पायउतार व्हावे लागले. सरकारी पैशाने कंपन्यांना दिवाळखोरीपासून वाचवले नाही, दिवाळखोरी पार पाडण्याचा खर्च भागवला. म्हणून या प्रकरणात ‘पैसे दिले ते बरोबर की चूक’ यापेक्षा ‘पैशाच्या बदल्यात कोणी किती सोडले’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. माझे मत आधीच सांगतो: पैसे देणे भाग होते, पण सोडलेल्याची वाटणी सर्वांना सारखी झाली नाही. आणि युनियनला मिळालेले झुकते माप खोटे नाही, तसेच युनियनने केलेला त्यागही खोटा नाही.

घटनाक्रम झटपट. नोव्हेंबर 2008 मध्ये जीएम, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला आले आणि 25 अब्ज डॉलर मागितले. सोबत युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यूचे अध्यक्ष रॉन गेटलफिंगरही होते. विमानांवरून छी-थू झाली, डिसेंबरात मंडळी मोटारीने आली आणि मागणी 34 अब्जांवर गेली. कनिष्ठ सभागृहाने 14 अब्जांचे विधेयक मंजूर केले, 11 डिसेंबरला ते सिनेटमध्ये अडकले. मग 19 डिसेंबरला अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या 700 अब्जांच्या निधीतून 17.4 अब्ज डॉलर जाहीर केले: 13.4 अब्ज जीएमला, 4 अब्ज क्रायस्लरला. म्हणजे ‘ओबामांचे बेलआउट’ हे अर्धसत्य आहे. सुरुवात रिपब्लिकन अध्यक्षांनी केली आणि तडीस ओबामांच्या टास्क फोर्सने नेले.

पैसे इतक्या झटकन कसे संपले हे नीट समजून घ्या, कारण परीक्षक इथेच विचारतात. मोटार कंपनी गाडी डीलरकडे रवाना करते तेव्हाच तिची विक्री नोंदते आणि पैसे लगेच येतात, कारण डीलरला गाडी घ्यायला फायनान्स कंपनी कर्ज देते. सुटे भाग पुरवणाऱ्यांचे बिल मात्र साधारण दीड-दोन महिन्यांनी चुकते करायचे असते. कारखाना जोरात चालू असतो तोवर ही व्यवस्था सोन्याची: दुसऱ्याच्या पैशावर धंदा. उत्पादन थांबले की चाक उलटे फिरते. नवीन गाड्यांचे पैसे येणे बंद आणि दोन महिन्यांपूर्वीच्या भागांची बिले दारात हजर. अमेरिकेत 2007 मध्ये सुमारे 1.6 कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या, 2009 मध्ये 1.04 कोटी. एवढी घसरण ज्या वेगाने झाली त्या वेगाने रोकड आटली. भरीला जुलै 2008 मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले होते, म्हणजे जिथे नफा होता ती मोठ्या एसयूव्हीची विक्रीच आधी कोसळली. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि वाहनकर्जेही गोठली. या घसरणीत युनियनचा हात शून्य आहे. मात्र ती सोसायला कंपनीच्या अंगात बळ का उरले नव्हते, या प्रश्नाच्या उत्तरात युनियन येते.

आता तासाला 70 डॉलर. हा आकडा हवेतला नाही, पण तो मजुरीचा दर नाही. जीएमच्या जुन्या असेंब्ली कामगाराचा मूळ दर तासाला 28 डॉलरच्या आसपास होता. त्यात ओव्हरटाइम, भरपगारी रजा वगैरे धरून हातात पडणारा पैसा सुमारे 40 डॉलरवर जायचा. त्याचा आरोग्य विमा आणि पेन्शनची तरतूद धरली की आणखी 15. इथवर 55. उरलेले 15 डॉलर त्या कामगाराचे नव्हतेच. सेवानिवृत्तांचा आरोग्य आणि पेन्शनचा एकूण खर्च घेऊन त्याला सध्या काम करणाऱ्यांच्या तासांनी भागले की ते येतात. या भागाकारातली खोच ध्यानात घ्या. कंपनीने कामगार कमी केले की छेद लहान होतो, वरचा आकडा तसाच राहतो आणि ‘प्रतितास खर्च’ वाढतो, जरी कोणाच्याही पगारात एक सेंट वाढलेला नसला तरी. टोयोटा-होंडाच्या अमेरिकी कारखान्यांत पहिल्या दोन भागांची बेरीज 45 च्या आसपास होती. म्हणजे काम करणाऱ्या माणसामागे खरा फरक दहा डॉलरचा. तो लहान नाही, विरोधात बोलताना लपवूही नका. पण गाडीच्या किमतीत असेंब्लीच्या मजुरीचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे या फरकावर जीएमचे बुडणे बसवता येत नाही.

खरे ओझे निवृत्तांचे होते आणि त्याची मुळे 1950 च्या करारात आहेत. त्या वर्षी यूएडब्ल्यूचे वॉल्टर रॉयथर आणि जीएम यांच्यात पाच वर्षांचा करार झाला: पेन्शन, आरोग्य विम्यात कंपनीचा वाटा, महागाईनुसार वाढ. बदल्यात पाच वर्षे कारखाना शांत आणि यंत्रे कशी चालवायची, गाडी कोणती काढायची हे ठरवण्याचा हक्क व्यवस्थापनाचा. रॉयथर यांची मूळ मागणी सरकारी आरोग्य विम्याची आणि सरकारी पेन्शन वाढवण्याची होती. ते झाले नाही, म्हणून जे सरकारने करायचे ते एकेका कंपनीच्या वहीत चढले. पुढे 1970 च्या संपापासून टप्प्याटप्प्याने ‘तीस वर्षे सेवा, मग वय काहीही असो, पूर्ण पेन्शन’ हे तत्त्व आले. विशीच्या आत कामाला लागलेला माणूस पन्नाशीच्या आत निवृत्त होऊन पुढची तीस-पस्तीस वर्षे कंपनीच्या खर्चाने औषधोपचार घेणार, हे गणित तेव्हा कोणाला बोचले नाही, कारण अमेरिकी बाजाराचा जवळपास निम्मा हिस्सा जीएमकडे होता. 2008 मध्ये तो 22 टक्क्यांवर आला. दिवाळखोरीच्या वेळी जीएमचे अमेरिकेतले कर्मचारी 90 हजारांच्या घरात आणि निवृत्त व त्यांचे वारस पाच लाखांच्या जवळ होते. केंटकीतला टोयोटाचा कारखाना 1988 मध्ये सुरू झालेला, त्याच्याकडे पेन्शनर जवळजवळ नव्हतेच. जीएम स्वतःच सांगायची की एका गाडीमागे सुमारे 1,500 डॉलर आरोग्य खर्चाचे असतात. म्हणून दोन कंपन्यांच्या मजुरीची तुलना करताना कारखान्याचे वय विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

युनियनच्या विरोधात खरोखर टिकणारा मुद्दा हवा असेल तर ‘जॉब्स बँक’ घ्या. 1984 च्या करारापासून कामावरून कमी झालेल्या कामगाराला ठरावीक काळानंतर या योजनेत घेतले जाई आणि काम नसतानाही जवळपास पूर्ण पगार मिळे. वर्तमानपत्रांनी पत्ते खेळत बसलेल्या कामगारांची चित्रे रंगवली, पण त्यात वाया गेलेला पगार हे छोटे नुकसान. मोठे नुकसान असे की मजुरी हा खर्च उत्पादनाबरोबर कमी-जास्त होईनासा झाला. माणसाला घरी बसवूनही पगार द्यायचाच असेल तर कारखाना चालवून गाडी काढलेली बरी, असा हिशेब व्यवस्थापन करू लागले. मागणी नसलेल्या गाड्या निघत, त्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना स्वस्तात किंवा ग्राहकाला मोठी सवलत देऊन विकल्या जात, आणि वर्षभराने त्याच सेकंडहँड बाजारात येऊन नव्या गाडीचा भाव पाडत. ब्रँडची पत घसरण्याचे हे एक मोठे कारण. मात्र या करारावर दोन सह्या आहेत हे विसरू नका. संप झाला तर या तिमाहीचा नफा जातो, सवलत दिली तर वीस वर्षांनंतरच्या प्रमुखाचे डोके दुखते. बहुतेक व्यवस्थापनांनी दुसरा पर्याय निवडला.

व्यवस्थापनाचा स्वतःचा ढिसाळपणा वेगळा मोजा. आठ ब्रँड, त्यातले निम्मे एकमेकांचेच ग्राहक ओढणारे. राज्यांच्या कायद्यांमुळे डीलर काढून टाकणे अतोनात महाग, ओल्ड्समोबाइल बंद करताना एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. फायनान्स शाखेने गृहकर्जांत हात पोळून घेतलेले. यातले काहीही युनियनने मागितले नव्हते.

फोर्ड का वाचली हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर ठरावाच्या मुळावर येते. त्याच शहरात, त्याच यूएडब्ल्यूबरोबर, जवळपास त्याच करारावर फोर्ड चालत होती. फरक इतकाच की 2006 च्या अखेरीस, पतपुरवठा सैल असताना, तिने कारखाने आणि निळ्या लंबगोलाचे बोधचिन्हसुद्धा तारण ठेवून 23 अब्जांहून जास्त कर्ज उभे केले होते. फोर्डला आपत्कालीन निधीतून पैसे लागले नाहीत, तरी तिचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली यांनी प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून साक्ष दिली. यात औदार्य नव्हते. तिन्ही कंपन्यांचे पुरवठादार बव्हंशी तेच होते. सीट, वायरिंग, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपन्या तुटपुंज्या नफ्यावर चालतात. जीएमचे पैसे बुडाले की त्या बुडणार, आणि एका भागाअभावी फोर्डची, इतकेच काय होंडाचीही लाइन थांबणार. म्हणूनच मार्च 2009 मध्ये सरकारने पुरवठादारांच्या थकबाकीची हमी घेण्यासाठी 5 अब्जांपर्यंतची वेगळी योजना काढली. प्रत्यक्षात तिचा थोडाच भाग वापरला गेला.

‘बेलआउट नसते तर 30 लाख नोकऱ्या गेल्या असत्या’ हे विरोधी बाजूचे आवडते वाक्य. ते जसेच्या तसे वापरू नका. तो अंदाज मिशिगनच्या सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह रिसर्चने नोव्हेंबर 2008 मध्ये दिला होता आणि त्यात तिन्ही कंपन्या शंभर टक्के बंद पडतील असे धरले होते. फोर्डकडे रोकड असताना हे गृहीतक ताणलेले आहे. ‘ही वरची मर्यादा आहे’ असे स्वतःच म्हटलेत तर समोरच्याचा बाण निकामी होतो.

त्याहून मजबूत मुद्दा वेगळा आहे. अमेरिकी कायद्यात कंपनी चॅप्टर 11 खाली जाऊन धंदा चालू ठेवू शकते, पण त्या काळात पगार आणि भागांचे पैसे द्यायला नवे कर्ज लागते. हे कर्ज बाकी सर्वांच्या आधी फिटते, म्हणून एरवी बँका ते आनंदाने देतात. जीएमला या काळासाठी 30 अब्जांहून जास्त लागले. 2009 च्या वसंतात एवढी रक्कम द्यायला कोणतीही खासगी बँक तयार नव्हती. ज्यांच्याकडे कधीकाळी ती होती त्या स्वतःच सरकारी पैशावर उभ्या होत्या. ते कर्ज मिळाले नसते तर पुनर्रचना नव्हे, लिलाव झाला असता. ‘बाजाराला त्याचे काम करू द्यायला हवे होते’ असे म्हणणाऱ्याला त्या महिन्यात हे कर्ज कोण देणार होते ते विचारा.

आता कर्ज देणाऱ्यांना डावलल्याचा आरोप. यासाठी विक्रीची रीत समजायला हवी. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 363 खाली कंपनी आपली मालमत्ता कोर्टाच्या परवानगीने विकू शकते. सरकारच्या पैशावर एक नवी कंपनी काढली गेली. तिने जुन्या कंपनीकडून चांगले कारखाने, ब्रँड, हवे ते करार विकत घेतले. नको असलेले कारखाने, जुने खटले, बहुतेक कर्जे जुन्या खोक्यातच राहिली. धनकोंच्या मतदानाने ठरणाऱ्या रीतसर आराखड्याला वर्ष-दीड वर्ष लागते, इथे दोन्ही विक्रींची कामे सहा आठवड्यांच्या आत उरकली: क्रायस्लर 10 जूनला, जीएम 10 जुलैला. वेगाचे कारण खरे होते. दिवाळखोर कंपनीची वॉरंटी कोण मानणार या भीतीने ग्राहक पळतात, त्यासाठी सरकारने वॉरंटीची हमीसुद्धा घेतली. पण वेगामुळे छाननी कमी झाली हेही तितकेच खरे.

क्रायस्लरमध्ये तारण असलेल्या धनकोंचे 6.9 अब्ज डॉलर येणे होते. त्यांना 2 अब्ज रोख मिळाले, म्हणजे डॉलरला 29 सेंट. यूएडब्ल्यूच्या निवृत्तांच्या आरोग्य ट्रस्टचे सुमारे 10 अब्जांचे येणे विनातारण होते. त्याला 4.6 अब्जांची हुंडी आणि नव्या कंपनीचे 55 टक्के शेअर मिळाले. कागदावर विनातारण येणेकरी तारणवाल्याच्या पुढे गेला. इंडियानातल्या पोलीस आणि शिक्षकांच्या पेन्शन फंडांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. 9 जूनला न्यायालयाने स्थगिती नाकारली, आणि डिसेंबरात खालच्या अपील कोर्टाचा निकाल निरर्थक ठरवून पुसून टाकला. म्हणजे कायद्याचा मुद्दा कायमचा सुटला असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे.

सरकारची बाजू अशी. कंपनी मोडीत काढली असती तर तारणवाल्यांना 2 अब्जही मिळाले नसते; कोर्टात मांडलेला अंदाज त्याहून कमी होता. ट्रस्टला जे मिळाले ते जुन्या कंपनीच्या मालमत्तेतून नव्हे, तर खरेदीदाराने, म्हणजे सरकारने, आपल्या खिशातून दिले, कारण कामगारांशिवाय कारखाना चालत नाही आणि धनकोंशिवाय चालतो. धंद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. दिवाळखोर कंपनी नेहमीच गरजेच्या पुरवठादाराची जुनी थकबाकी भागवते. पण यात दोन ठिकाणी पाणी मुरते. इतर कोणी बोली लावायची तर यूएडब्ल्यूबरोबरचा करार मान्य करण्याची अपेक्षा बोलीच्या नियमांत होती, त्यामुळे खरी बाजारकिंमत कधी तपासलीच गेली नाही. आणि हे मान्य करणाऱ्या धनकोंमध्ये सर्वांत मोठा वाटा ज्या चार बँकांचा होता, त्या सरकारी निधीच्या ऋणात होत्या. ठरावाच्या बाजूने असाल तर इथेच जोर लावा.

‘युनियनला मालकी दिली’ हे वाक्य मात्र दुरुस्त करा. शेअर यूएडब्ल्यूला मिळाले नाहीत, निवृत्तांच्या आरोग्य ट्रस्टला मिळाले. त्याच्या 11 विश्वस्तांपैकी 5 युनियनचे, 6 स्वतंत्र, आणि शेअर विकून म्हाताऱ्या माणसांची औषधे आणायची एवढेच त्याचे काम. तो 2007 च्या करारातून जन्मला. त्या वेळी जीएमने सुमारे 50 अब्जांची आरोग्याची देणी 35 अब्जांच्या आसपास रक्कम देऊन ट्रस्टच्या गळ्यात घालायचे ठरवले होते. रोख यायच्या आधीच कंपनी कोसळली, म्हणून रोखीच्या जागी शेअर आले. जीएममध्ये ट्रस्टला 20 अब्जांच्या येण्यापोटी 17.5 टक्के शेअर, 6.5 अब्जांचे प्रेफरन्स शेअर आणि 2.5 अब्जांची हुंडी मिळाली. 27 अब्जांच्या रोखेधारकांना 10 टक्के आणि पुढे शेअर घेण्याचे वॉरंट. अमेरिकी सरकारकडे 60.8 टक्के, कॅनडा-ओंटारिओकडे 11.7. विनातारण दोघेही, आणि तरी एकाला जास्त. हा फरक नाकारण्यात अर्थ नाही.

असमान वाटणीचे सर्वांत टोचणारे उदाहरण डेल्फीचे आहे. जीएममधूनच वेगळ्या काढलेल्या या पुरवठादार कंपनीची पेन्शन योजना 2009 मध्ये सरकारी विमा महामंडळाकडे गेली आणि त्यांच्या मर्यादेमुळे पेन्शन कापली गेली. यूएडब्ल्यूच्या सदस्यांना जीएमने जुन्या हमीनुसार फरक भरून दिला. सुमारे 20 हजार पगारदार निवृत्तांना, म्हणजे इंजिनियर, फोरमन, कारकून यांना, दिला नाही. वर्षानुवर्षे खटला चालला, 2022 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. डेट्रॉइट भागातले बहुतेक मराठी इंजिनियर याच पगारदार, युनियनबाहेरच्या वर्गात मोडतात. करारावर सही करणारी संघटना पाठीशी असणे आणि नसणे यांतला फरक तिथे डॉलरमध्ये मोजता येतो. गंमत अशी की हेच उदाहरण ‘युनियनला पक्षपात झाला’ म्हणूनही चालते आणि ‘युनियन असावी’ म्हणूनही.

कामगारांनी काय सोडले? जॉब्स बँक बंद. महागाईनुसार वाढ बंद. निवृत्तांचे दात आणि डोळ्यांचे विमा संरक्षण गेले. जीएम आणि क्रायस्लरमध्ये 2015 पर्यंत संप करायचा नाही, 2011 च्या करारात अडले तर लवादाकडे जायचे. सर्वांत दूरगामी तडजोड 2007 मध्येच झाली होती: नव्या कामगाराला जुन्याच्या जवळजवळ निम्म्या दराने, तासाला 14 ते 16 डॉलरवर घ्यायचे. एकाच लाइनवर, एकाच दाराचा बोल्ट आवळणारे दोघे, एक 28 वर आणि एक 15 वर. जुन्या सदस्यांनी आपला दर राखून कपात अजून न जन्मलेल्या सदस्यांवर ढकलली, असे म्हटले तर ते कठोर असले तरी खोटे नाही. फोर्डच्या कामगारांनी मात्र नोव्हेंबर 2009 मध्ये संपबंदीसह जादा सवलती मतदानाने फेटाळल्या. त्यांच्या कंपनीच्या मानेवर सरकारची सुरी नव्हती.

सिनेटमध्ये डिसेंबर 2008 ला नेमके कशावर फिसकटले तेही बघा. टेनेसीचे सिनेटर बॉब कॉर्कर यांची अट होती की कर्ज दोन-तृतीयांशाने घटवा, ट्रस्टचे निम्मे पैसे शेअरमध्ये द्या आणि 2009 मध्येच मजुरी परदेशी कंपन्यांच्या अमेरिकी कारखान्यांइतकी करा. युनियन मजुरीसाठी 2011 मागत होती, म्हणजे चालू कराराची मुदत संपेपर्यंत. वाद तत्त्वाचा कमी आणि तारखेचा जास्त होता. ‘करदात्याच्या पैशावर मोटार कंपनी नको’ म्हणणाऱ्या दक्षिणेकडच्या सिनेटरांना एक प्रश्न विचारता येतो: अलाबामाने 1993 मध्ये मर्सिडीझचा कारखाना यावा म्हणून सुमारे 25 कोटी डॉलरच्या सवलती दिल्या, तो पैसा कोणाचा होता?

पैशाचा शेवटचा हिशेब. जीएम, क्रायस्लर, त्यांच्या फायनान्स कंपन्या आणि पुरवठादार धरून अमेरिकी सरकारने सुमारे 80 अब्ज डॉलर घातले, सुमारे 70.5 अब्ज परत आले. निव्वळ तोटा 9 अब्जांच्या थोडा वर. जीएममधले शेवटचे शेअर डिसेंबर 2013 मध्ये विकले तेव्हा तिथला तोटा दहा अब्जांहून जास्त होता, क्रायस्लरवर 1.3 अब्ज गेले, फायनान्स कंपनी अ‍ॅलीवर मात्र 2 अब्जांहून जास्त नफा झाला. दोन सापळे टाळा. एप्रिल 2010 मध्ये जीएमने ‘सरकारी कर्ज पूर्ण फेडले’ अशी जाहिरात केली. फेडले होते ते 6.7 अब्जांचे कर्ज, तेही बहुतांशी सरकारनेच राखून ठेवलेल्या रकमेतून, बाकीचा मोठा हिस्सा शेअरमध्ये अडकलेला होता. दुसरा सापळा उलट बाजूचा: 9 अब्ज हाच पूर्ण खर्च नाही. मालकी बदलली की जुना तोटा करातून वजा करण्यावर कायद्याने मर्यादा येते. ती मर्यादा इथे शिथिल केली गेली आणि नव्या जीएमला सुमारे 45 अब्जांचा जुना तोटा पुढे वापरता आला. ही मदत कोणत्याही विधेयकात ‘बेलआउट’ म्हणून दिसत नाही.

वेगाची किंमत 2014 मध्ये कळली. सदोष इग्निशन स्विचमुळे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. जुने दावे जुन्या कंपनीवर राहिले असे नव्या जीएमचे म्हणणे होते. ज्यांना दिवाळखोरीत दोषाची सूचनाच दिली नव्हती त्यांचे दावे असे पुसता येणार नाहीत, असा निकाल अपील कोर्टाने 2016 मध्ये दिला.

जुन्या-नव्या कामगारांच्या दुहेरी वेतनाचे व्याजही फिटायचे होते. 2015 मध्ये फिएट क्रायस्लरच्या (क्रायस्लरचेच पुढचे रूप) कामगारांनी पहिला करार फेटाळला. 2019 मध्ये जीएममध्ये 40 दिवसांचा संप झाला. यूएडब्ल्यूचे दोन माजी अध्यक्ष भ्रष्टाचारात तुरुंगात गेल्यावर थेट मतदानाने शॉन फेन अध्यक्षपदी आले आणि 2023 मध्ये इतिहासात पहिल्यांदा तिन्ही कंपन्यांवर एकाच वेळी, निवडक कारखान्यांत संप झाला. 2028 पर्यंत 25 टक्के वाढ, महागाई भत्ता परत, आणि पूर्ण दरावर पोहोचायला आठऐवजी तीन वर्षे. 2009 मध्ये सोडलेले बरेच काही चौदा वर्षांनी परत घेतले गेले. निवृत्तांचा कंपनीच्या खर्चाने चालणारा आरोग्य विमा मात्र आला नाही. 1950 पासूनचे सर्वांत जड ओझे ट्रस्टकडे गेले ते तिकडेच राहिले.

वेळ उरला तर तुलनेला ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी घ्या. 1975 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पैसे ओतत राहिले, पण धनको, व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात ‘या तारखेपर्यंत हे सोडा, नाहीतर पुढचा हप्ता नाही’ अशी अट सुरुवातीला नव्हती. तिचा उरलेला अवशेष एमजी रोव्हर 2005 मध्ये बुडाला. उलट 1980 च्या क्रायस्लर मदतीत सरकारने रोख न देता दीड अब्जांच्या कर्जाची हमी दिली, युनियन, बँका, डीलर सर्वांकडून सवलती आधी लिहून घेतल्या आणि शेअर घेण्याचे वॉरंट ठेवून घेतले. कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी, 1983 मध्ये फिटले आणि वॉरंटवर सरकारला 30 कोटी डॉलरहून जास्त मिळाले.

‘आपल्याकडे काय?’ असे परीक्षकांनी विचारले तर दोन खरे धागे आहेत. टाटा मोटर्सने जून 2008 मध्ये फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली आणि लगेच मंदी आली. ब्रिटिश सरकारशी हमीसाठी महिनोन्‌महिने बोलणी झाली, अटी जाचक वाटल्या, आणि ऑगस्ट 2009 मध्ये टाटांनी खासगी कर्ज उभे करून ती मदत नाकारली. दुसरा धागा तळेगावचा. करदात्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या जीएमने 2017 अखेर भारतात विक्री थांबवली आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचे उत्पादन. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कारखाना बंद करायला राज्य सरकारची परवानगी लागत होती, ती मिळाली नाही. हजाराहून जास्त कामगार ले-ऑफवर, ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला सौदा 2022 मध्ये मोडला, आणि 2023 मध्ये ह्युंदाईने जागा व यंत्रे घेण्याचा करार केला. अमेरिकेत कामगार करार नव्या कंपनीबरोबर पुढे गेला, कारण सरकार खरेदीदार होते. तळेगावात सरकारकडे फक्त ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार होता, आणि त्या अधिकारातून ना खरेदीदार उभा राहतो ना पगार.